झेंड्याच्या काठीला दप्तर

२ मे, मंगळवार

नवीन डायरी. जुनी फेब्रुवारीत बंद पडली. त्यात माझा दोष नाही. इथल्या फेब्रुवारीत लिहिण्यासारखं काही घडतच नाही. आता रोज लिहायचं. शिवाय पहाटे उठायचं, ऑफिसला सायकलनं जायचं, चीज कमी करायचं आणि जुईचं गणित स्वतः घ्यायचं.

जुईची शाळेची शेवटची परीक्षा अकरा तारखेपासून. पोरगी पास होणार यात प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो कडीचा. इथे मूल पास झालं की घरावर झेंडा लावतात आणि काठीच्या टोकाला त्याचं दप्तर लटकवतात. हॉलंडला, या आमर्सफोर्टमध्ये आल्यापासून दर जूनला मी या गल्लीत दुसऱ्यांची दप्तरं बघतोय. फाटकी, बंद तुटलेली, कसलीही. यंदा आमचं. झेंडा आणि काठी आणून ठेवली. काठी अडकवायला भिंतीत लोखंडी कडी हवी. रविवारी बसवतो.

बायको, म्हणजे वृषाली, म्हणाली, आधी पेपर तर होऊ देत. आमच्या घरात उत्साह एकट्या माझ्याकडेच आहे.

७ मे, रविवार

भोक पाडायला घेतलं आणि लगेच समोरची टीनेका दारात. टीनेका म्हणजे गणिताची निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या पुढची, सायकल माझ्यापेक्षा जोरात हाणते. म्हणाली, आज रविवार आहे, ड्रिल बंद कर. आणि तू विटांच्या सांध्यात भोक पाडतोयस, तिथे कडी धरणार नाही. एका दमात. ना हाय, ना हॅलो.

नवख्या माणसाला राग आला असता. मला नाही. डच माणूस तोंडावर बोलतो, याचा अर्थ त्यानं तुम्हाला आपलं मानलं. माझं हे निरीक्षण महाराष्ट्र मंडळात फार गाजलं. नवीन आलेली पोरं डच लोकांबद्दल काही अडलं की मलाच विचारतात.

जाता जाता म्हणाली, जुईला गणितात अडत असेल तर पाठव माझ्याकडे, मला वेळ आहे. मी हसून नको म्हटलं. आमच्या घरात गणिताची शिकवणी! उद्या म्हणेल, चहा करायला शिकवते.

८ मे, सोमवार

कडी बसवली. तिथेच. पक्की आहे.

सायकलनं ऑफिसला गेलो. जाताना वारा समोरून. येताना तो पाठीवर यायला हवा होता, तोही समोरून. उद्यापासून गाडी. सायकल पुढच्या आठवड्यात.

९ मे, मंगळवार

जुईचं गणित घेतलं. यांच्या गणितात गोष्टीच फार. अमुक नदीला पूर येतो, तमुक माणूस बांधावर उभा आहे, पाणी असं असं चढतं, पान भरून. मी सांगितलं, गोष्ट वाचत बसू नकोस, आकडे उचल आणि सूत्रात टाक. जुई म्हणाली, बाबा, कसं काढलं ते लिहावं लागतं, मार्क त्यालाच असतात. मी म्हटलं, उत्तर बरोबर आलं की कसं काढलं ते कोण विचारतंय!

उत्तर चुकलं. पण ते कॅल्क्युलेटरमुळे.

१० मे, बुधवार

शाळेत पालकांची बैठक. डाइकस्ट्रा बाई, म्हणजे जुईच्या वर्गशिक्षिका, यांनी निकालाचं समजावलं. निकाल १४ जूनला, फोनवर. दुपारी एक ते दोन शाळा काही निवडक मुलांना फोन करणार, कारण त्यांच्याशी नीट बोलायचं असतं. बाकीच्यांना तीननंतर.

निवडक. मी लगेच खूणगाठ बांधली. सांगलीला आमचे हेडमास्तर निकाल वरूनच वाचायला घेत. पहिला नंबर आधी, मग खाली खाली. जगात कुठेही गेलं तरी सारखंच असतं, फक्त बघायला नजर लागते.

बाई पुढे आणखी काही सांगत होत्या, पण तेवढ्यात बिस्किटांचा डबा फिरत आला. एक घेतल्यावर झाकण लागायच्या आत दुसरं घेता येतं का, हे बघण्यात माझं लक्ष गेलं. येत नाही.

१५ मे, सोमवार

आज ठरवलं की आपणही तोंडावर बोलायचं. अकरा वर्षं झाली, आता नाही तर कधी? शिवाय चुका काढणं हा माझा पेशाच आहे. कंपनीत सॉफ्टवेअरच्या काढतो. सुरुवात टीनेकापासून केली. म्हटलं, तू सायकल फुटपाथवर आडवी लावतेस. तिनं मनापासून आभार मानले, सायकल हलवली, मला कॉफीला आत बोलावलं आणि आमच्याबद्दल तिचं जे काय म्हणणं होतं ते सगळं सांगितलं. आमची कचऱ्याची पेटी. माझं फोनवरचं बोलणं. तिच्या मते मी भारताशी बोलतो तेव्हा फोनची गरज नसते. आणि मी म्हणे जुईला बोलू देत नाही. कॉफी संपली तरी तिचं संपलं नव्हतं.

ही शेवटची गोष्ट तिनं कुठून काढली कोण जाणे. घरी येऊन जुईला विचारलं, मी तुला बोलू देत नाही का? ती काही म्हणायच्या आत मीच सांगितलं की तसं काही नाही.

तोंडावर बोलणं तूर्त स्थगित.

२२ मे, सोमवार

गणिताचा पेपर. जुई बाहेर आली ती गप्पच. पेपर चांगला गेला की माझंही असंच व्हायचं. म्हणाली, एक अख्खी गोष्ट सोडून दिली, वेळच उरला नाही. मी म्हटलं, सोडलीस ते बरं केलंस, आकडे तर उचलले ना?

ती पुढे चालायला लागली. दमली असेल.

३ जून, शनिवार

दादाचा सांगलीहून फोन. दोन वर्षांपूर्वी त्याचा निनाद इंजिनीअरिंगला लागला, तेव्हा दादानं चौकात फ्लेक्स लावला होता. निनादचा फोटो लहान, दादाचा मोठा. तो फ्लेक्स त्यानं मला इतक्या वेळा पाठवलाय की माझ्या फोनमध्ये माझे स्वतःचे फोटो कमी आहेत. आज मी सहज बोलता बोलता सांगितलं की इकडे फ्लेक्सबिक्स नाही, इकडे राष्ट्रध्वज लावतात. दादा म्हणाला, राष्ट्रध्वजाला दप्तर लटकवतात? अपमान नाही का होत?

जळतो.

आरशासमोर उभं राहून पाहिलं. झेंड्याच्या फोटोत मी उजवीकडे उभा राहणार, म्हणजे माझी डावी बाजू येईल. डावी बरी आहे.

१४ जून, बुधवार. सकाळी

रजा घेतली. द हेगच्या, भारतीय वंशाच्या सुरिनामी लोकांच्या दुकानातून पेढे आणून ठेवलेत. जुई काही न खाता फोनकडे बघत बसली आहे. वृषाली म्हणते तिला एकटीला सोड. मी शिडी काढून ठेवली.

दुपारी

फोन आला! एक वाजून जेमतेम काही मिनिटं झाली होती. डाइकस्ट्रा बाईंचं नाव मी स्वतः पाहिलं. निवडकांत! जुई पांढरीफटक पडली, फोन घेऊन वर पळाली, दार लावून घेतलं. आतून रडण्याचा आवाज. मलाही भरून आलं. मी तिथे थांबलोच नाही. दप्तर उचललं, शिडी लावली, झेंडा वर, दप्तर टोकाला. वृषाली जुईच्या खोलीत, फोटो काढायला कुणी नाही, म्हणून जाणाऱ्या पोस्टमनला थांबवलं. फोटो दादाला, मंडळाच्या ग्रुपवर, ऑफिसच्या ग्रुपवर. खाली लिहिलं: शाळेचा पहिला फोन आमच्या घरी.

मग पेढे घेऊन गल्लीत. डच माणूस पेढा हातात धरून यात काय काय आहे ते विचारतो, सगळं ऐकून घेतो, मग अर्धाच खातो. पण अभिनंदन तोंडभरून. टीनेकानं पेढा घेतला नाही. झेंड्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, म्हणाली, अजून तीन वाजले नाहीत. मी म्हटलं, तेच तर!

संध्याकाळी

थोडा गैरसमज झाला आहे. एक ते दोन फोन येतो तो नापासांना, आणि ज्यांना एखादा विषय पुन्हा द्यावा लागणार आहे त्यांना. बिचाऱ्यांनी तीनपर्यंत आशेवर बसू नये म्हणून. पास झालेल्यांना तीननंतर. जुईला गणित पुन्हा द्यायचंय, येत्या मंगळवारी. त्यात निघाली तर पास. नाही तर वर्ष गेलं. हे वृषालीनं मला शिडीखाली उभं राहून सांगितलं. मी तेव्हा दप्तर सरळ करत होतो.

असली उलटी पद्धत कुणी काढली असेल? वाईट बातमी आधी! आमच्याकडे वाईट बातमी सांगायची तर आधी माणसाला बसवतात, पाणी देतात, चहा होतो, घरच्यांची चौकशी होते. इथे थेट फोन, आणि वर त्याला माणुसकी म्हणायचं.

वृषाली म्हणाली, ते आधी खाली काढ. मी म्हटलं, आत्ता सगळी गल्ली बाहेर खुर्च्या टाकून बसली आहे, अंधार पडला की काढतो. जूनमध्ये इथे अंधार कधी पडतो ते मला अजून नक्की माहीत नाही. झोप लागली.

१५ जून, गुरुवार

शांतपणे विचार केला. झेंडा काढला तर लोक विचारणार, का काढला. ठेवला तर कुणी काही विचारत नाही, नुसतं अभिनंदन करतात. मंगळवारी पोरगी पास होणारच आहे. म्हणजे झेंडा चुकीचा नाही, थोडा लवकर आहे, एवढंच. आमच्याकडे आगाऊ बुकिंग करतातच की.

इथे अभिनंदन एकट्याचं होत नाही. आईचं होतं, बापाचं होतं, आजी असती तर तिचंही झालं असतं. वृषाली मागच्या दारानं ये-जा करते. मी पुढच्या. जुईला मात्र अक्कल नाही. कोपऱ्यावरच्या बाईंनी अभिनंदन केलं तर सरळ म्हणाली, मी पास झालेले नाही, तो झेंडा बाबांचा आहे. त्या बाईंना वाटलं विनोद. मीही मोठ्यानं हसलो. पोरगी फार डच झाली आहे.

दादाचा फोन. आमचा फोटो बघून त्याला राहवेना. म्हणाला, सांगलीत आपण जुईचा फ्लेक्स लावू, खर्च माझा. नको म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं एवढंच, की नाव नीट लिही.

१६ जून, शुक्रवार

रात्रभर पाऊस. सकाळी जुई विचारते, माझ्या गणिताच्या वह्या कुठेत? दप्तरात. दप्तर काठीवर.

शिडी लावून वह्या काढल्या. शाई सगळी पसरली होती, पण बारकाईनं बघितलं तर बरंच वाचता येत होतं. हीटरवर वाळत टाकूया म्हटलं. दप्तर मोकळं झाल्यावर लोंबायला लागलं, बरं दिसेना, म्हणून त्यात वर्तमानपत्रं कोंबून परत लटकवलं. खाली उतरलो तर जुई दारातच उभी. ओल्या वह्या उचलल्या आणि रस्ता ओलांडून टीनेकाकडे गेली. दिवसभर तिकडेच.

टीनेका एकटी असते. तिलाही सोबत. मीच पाठवलं असं म्हणायला हरकत नाही.

१७ जून, शनिवार

कडी जराशी सैल झाली आहे. भिंतीचा दोष. काठी आता खाली कलली असून दप्तर बरोबर दारासमोर येतं. आत-बाहेर करताना वाकावं लागतं. पार्सलवाला वाकला आणि वर अभिनंदन म्हणाला.

टीनेका आली. म्हणाली, सूर्य मावळला की झेंडा उतरवायचा असतो, तुझा बुधवारपासून वर आहे. मी म्हटलं, माहीत आहे. म्हणाली, आणि तुझी मुलगी रोज स्वतःच्याच दप्तराखालून वाकून जाते, ते तुला दिसतं का? मी म्हटलं, तिची परीक्षा आहे, तिला असल्या गोष्टींकडे बघायला वेळ नाही. टीनेकानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. वर्गात आमच्या मास्तरांचं लक्ष माझ्यावर असंच राहायचं. हुशार मुलांवर राहतंच.

हिला मूलबाळ नाही. आयुष्यात एकही दप्तर लटकवायला मिळालेलं नाही. मी समजू शकतो.

दुपारी जुईही म्हणाली, बाबा, प्लीज, ते काढ. मी म्हटलं, सोमवारी नक्की. म्हणाली, आज काढ. मी म्हटलं, अगं, आज शनिवार, सगळे घरी. तिचे डोळे भरून आले. एवढ्याशा गोष्टीवरून! परीक्षेचा ताण आला की असं होतं.

१९ जून, सोमवार

उद्या पेपर. आज झेंडा काढला तर अपशकुन दिसेल. राहू दे.

२० जून, मंगळवार

जुईला गाडीनं सोडायचं म्हणून अर्धी रजा घेतली, गाडी धुतली. ती टीनेकाच्या घरूनच सायकलनं गेली. टीनेका शेजारून सायकलवर, चालवता चालवता तोंडी काहीतरी विचारत होती. दोघींना वारा समोरून होता.

मी धुतलेली गाडी घेऊन ऑफिसला गेलो.

२२ जून, गुरुवार

वादळी वारा. कडी निघाली. अर्धी वीट घेऊन निघाली. काठी गाडीच्या बॉनेटवर, दप्तर शेजारच्यांच्या गुलाबांत. म्हणजे झेंडा आपोआप उतरला. मी उतरवला नाही. हे महत्त्वाचं.

जुईनं गुलाबांतून दप्तर काढून नेलं.

२५ जून, रविवार

दादानं फ्लेक्सचा फोटो पाठवला. चौकात, भर रस्त्यावर. हॉलंडमध्ये सर्वप्रथम. कोपऱ्यात जुईचा लहानपणीचा फोटो. मधोमध दादा, हात जोडून. मी कुठेच नाही.

फोन करून खरं काय ते सांगणार होतो. पण रविवारी तो झोपलेला असतो.

२९ जून, गुरुवार

उद्या निकाल. नवी कडी आणली आणि विटेत भोक पाडून बसवली. स्वतः लटकून बघितलं, हलली नाही. नवी काठी. झेंडा धुऊन इस्त्री केली. यावेळी कुठलीही चूक नाही. तीनच्या आत फोन आला तरी मी जागचा हलणार नाही, हा संकल्प. जुईला तसं सांगितलं. ती म्हणाली, बरं.

३० जून, शुक्रवार. दुपारी

रजा. शिडी लावलेली. घरी कुणीच नाही. जुई सकाळीच गेली, वृषाली म्हणाली जाऊन येते. एक वाजला, दोन वाजले. फोन नाही. म्हणजे उत्तम. तीन वाजले. आता कधीही.

साडेतीन. हिचा फोन बंद आहे की काय?

संध्याकाळी

चारच्या सुमाराला खिडकीत गेलो. समोर टीनेकाच्या घरावर झेंडा. काठीच्या टोकाला जुईचं दप्तर.

इस्त्रीचा झेंडा हातात तसाच धरून रस्ता ओलांडला. मागच्या अंगणात गोल खुर्च्या मांडलेल्या. जुई, तिच्या दोन मैत्रिणी, वृषाली, टीनेका. मला बघून सगळ्या उठल्या, एकेकीनं हात पुढे केला, अभिनंदन म्हणाल्या. जुईनंही हात मिळवला. बापाशी! गणितात आठ मिळाले म्हणाली. दहापैकी. मी म्हटलं, मग झेंडा इथे का? आपल्याकडे सगळी तयारी केली होती, कडीसुद्धा विटेत बसवली.

जुई म्हणाली, बाबा, तिकडे तू पास झाला होतास. इथे मी झाले.

रागानं म्हणाली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. साधं म्हणाली. वृषाली कपाकडे बघत होती. मी खुर्ची ओढून गोलात बसलो आणि केकचा एक तुकडा खाल्ला. झेंडा मांडीवर ठेवायला लागला.

सहाला थोडा वेळ असताना मैत्रिणी गेल्या. टीनेका उठली, कप गोळा केले आणि मला म्हणाली, आता आम्ही जेवणार आहोत, तेव्हा तू निघ. मी हसत उठलो, चला म्हटलं. वृषाली आणि जुई उठल्या नाहीत. त्यांना परवाच जेवायला बोलावलेलं होतं. टीनेका म्हणाली, तुझ्याबद्दल मनात काही नाही, पण बटाटे तिघींच्या हिशेबानं सोललेत, तुला जेवायचं असेल तर आधी कळवत जा. मी जुईकडे बघितलं. ती थांब म्हणाली असती तर मला बटाटे नकोच होते. ती ताटं मांडत होती.

घरी आलो. समोर पडदे उघडे आहेत, दिवसासारखा उजेड आहे, तिघी टेबलाशी बसलेल्या दिसतात. जुई हसते आहे.

वाईट वाटलं. इथे त्याचं कारण लिहायचं म्हणून बराच वेळ बसलो. हवामान नाही, भिंत नाही, पद्धत नाही. सुचलं नाही.

भूक लागली. भात टाकावा म्हणून डबा उघडला. एकट्या माणसाला तांदूळ किती लागतात, ते मला माहीत नाही.